हाराकिरी हा जपानी सिनेमा बघायचाय, पण १९६२ चा की २०११ चा?

गोष्ट दोन्हीत तीच आहे. १६३० सालचं एदो म्हणजे आत्ताचं टोकियो, लढाया संपलेल्या, घराणी बुडालेली, सामुराई बेकार. हान्शिरो नावाचा एक फाटका माणूस इयी घराण्याच्या वाड्यावर येतो आणि म्हणतो मला तुमच्या अंगणात पोट फाडून मरू द्या. कारभाऱ्याला वाटतं आला अजून एक मरायची धमकी देऊन पैसे उकळायला.

मासाकी कोबायाशीचा १९६२ चा ब्लॅक अँड व्हाइट, सव्वादोन तासांच्या आसपास, आणि पहिला अर्धा तास माणसं नुसती बसून बोलतायत असं वाटेल, पण धीर धरा. हान्शिरो चटईवर बसतो आणि, पोट फाडल्यावर दुसऱ्याने मान उडवायची अशी रीत, त्यासाठी एका ठरावीक माणसाचं नाव घेतो, तो नेमका आजारी. दुसरं नाव घेतो, तोही आजारी, मग तिसरा पण, आणि तिथे कारभाऱ्याचा चेहरा बघा फक्त. पुढचं सगळं रहस्य असं तुकड्यातुकड्याने सुटतं, तलवार न उपसता. हान्शिरो झालेला तात्सुया नाकादाई तेव्हा जेमतेम तिशीचा होता, खरं वाटत नाही, आवाजच आजोबाचा लावलाय त्याने.

ताकाशी मिईकेचा २०११ चा रंगीत आहे, थ्रीडीत काढलेला (घरी कोण थ्रीडी बघतंय, सोडा), संगीत र्‍युइची साकामोतोचं. मधला मोठा भाग हान्शिरोच्या घरच्या गरिबीचा, आजारपणाचा, सरळ ओळीत सांगितलेला. रडू येतं, पण आता काय कळणार ही धाकधूक निघून जाते. कोजी याकुशोचा कारभारी मात्र मस्त, जुन्याइतका थंड नाही, जरा माणसातला वाटतो.

मी म्हणेन जुना आधी. कारण तो सूडापेक्षा खरं काय घडलं आणि कागदावर काय चढलं याचा सिनेमा आहे, सुरुवातच घराण्याच्या रोजनिशीने होते आणि शेवटही तिथेच, म्हणजे आपल्याकडे बखर कोण लिहितो त्यावर कोण शूर ठरतो तसंच. घरात कोणी ब्लॅक अँड व्हाइट म्हटलं की मोबाइल काढत असेल तर नवा लावा, वाईट नाहीये तो. दोन्ही बघणार असाल तर शेवटच्या मारामारीत हान्शिरोच्या हातात काय आहे तेवढं बघा, दोन्हीत वेगळं आहे, मी सांगत नाही.

आणि बांबूच्या पात्याचा सीन दोन्हीत आहे, जेवताना लावू नका.