सीएसआर फंडाच्या (कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायच्या पैशाच्या) नावाखाली आमच्या वाचनालयाच्या हॉलचे २,८०,८०० रुपये गेले

लाज वाटते लिहायला पण लिहितो. मी आमच्या गावच्या वाचनालयाचा खजिनदार, ३१ वर्षं बँकेत लोकांचे चेक पास केले, आणि तीनही ट्रान्सफरच्या फॉर्मवर पहिली सही माझी आहे.

हॉल शंभरी ओलांडलेला, कौलारू, चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. गावातली निम्मी लग्नं आणि सगळी नाटकं तिथेच झाली. आढ्याजवळचे वासे कुजलेत, सुताराने छपराचा खर्च ३,४०,००० सांगितला होता आणि वर्गणीतून आमच्याकडे ४,१२,५०० जमले होते. म्हणजे पैसे होते हो! मे महिन्यात काम काढलं असतं तर आज हे लिहायची वेळच आली नसती.

पण हाव सुटली. हाव तरी का म्हणू, आमदार निधीचं आश्वासन दोनदा मिळालं आणि दोनदा हवेत गेलं, पुरातत्त्ववाले म्हणाले वास्तू संरक्षित यादीत नाही, मग माणूस करणार काय. तेवढ्यात ओळखीतून हा 'सीएसआर कन्सल्टंट' आला. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक इमारतींची डागडुजी आहे, सार्वजनिक वाचनालयं आहेत, तुम्ही दोन्हीत बसता म्हणाला. मी घरी येऊन तपासलं, खरंच आहे! तिथेच मी गार. खऱ्याला चिकटवून खोटं विकतात हे लोक.

आधी ११,८०० प्रोसेसिंग. मग डीपीआरचे, म्हणजे कामाच्या सविस्तर प्रकल्प अहवालाचे, ५९,०००. मग एका मोठ्या कंपनीच्या लेटरहेडवर ४२ लाखांचं मंजुरीपत्र आणि त्यावर ५ टक्के 'मार्जिन मनी', २,१०,०००, पहिल्या हप्त्यासोबत परत मिळणार म्हणे. पैसे भरले, हप्ता काही आला नाही.

मला झोप लागत नाही ती दोन गोष्टींमुळे. तो हॉल बघायला आला तेव्हा सुताराने माळ्याला शिडी लावून ठेवली होती, वासे दाखवायला. हा म्हणतो राहू द्या, फोटो व्हॉट्सॲप करा. वर बघितलंसुद्धा नाही त्याने! वर आम्हालाच शिकवलं की छप्पर शेवटी घ्या, कंपनीला उद्घाटनाचा फोटो लागतो, आधी स्टेज, एसी, दर्शनी भागाला काच. आणि आम्ही मीटिंगमध्ये छपराचं काम पुढे ढकलून तसा ठराव केला, सुतार दारात उभा असताना.

दुसरी त्याहून वाईट. चार दिवसांत ३८ पानांचा डीपीआर आला, पान ११ वर लिहिलंय 'आरसीसी स्लॅबचे वॉटरप्रूफिंग'. कौलारू हॉलला स्लॅब! मी ते पान वाचलं होतं. पेन्सिलीने खूण पण केली, आणि टायपिंगची चूक असेल म्हणून पुढचं पान उलटलं. दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीचा रिपोर्ट नाव बदलून दिलेला, ५९,००० ला. बिलात १८ टक्के जीएसटी लावलाय, जीएसटी नंबर कुठेच नाही. बँकेत असताना असं व्हाउचर मी क्लार्कच्या तोंडावर फेकलं असतं.

तुमच्याकडे असा कोणी आला तर सीएसआर-१ नंबर (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेचा सरकारी नोंदणी नंबर) विचारला का त्याने, हे बघा आधी. १ एप्रिल २०२१ पासून ट्रस्टला तो लागतोच, आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या पण. आमचा नव्हताच, आणि त्याने विचारलाही नाही. कंपनीचं पत्र जीमेलवरून आलं की तिथेच थांबा. आणि देणारी कंपनी घेणाऱ्याकडून आधी पैसे कशाला मागेल?

आता तक्रारीचं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो १९ दिवसांनी, तोवर खातं साफ, ती चूक आमची, तुम्ही त्याच तासाला करा. पण पोलीस स्टेशनला पाच खेपा झाल्या. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्या दिवशी 'हा दिवाणी मॅटर आहे', तिसऱ्यांदा 'तुम्ही स्वतःच्या सहीने दिलेत ना काका?', चौथ्यांदा ट्रस्टचा ठराव आणा, पाचव्यांदा ठरावावर अध्यक्षांचा शिक्का अस्पष्ट आहे. खोटं मंजुरीपत्र समोर ठेवलं तरी दिवाणी! धर्मादाय कार्यालयात गेलो तर म्हणे तुमच्या नव्या विश्वस्तांचा फेरफार अर्ज अजून प्रलंबित आहे, आधी ते. म्हणजे चोर मोकळा आणि चौकशी आमची, ऑडिटर वेगळाच डोळे वटारतोय.

खात्यात १,३१,७०० उरलेत. त्यातले ९,४०० ताडपत्रीला गेले, तरी स्टेजवर दोन बादल्या ठेवाव्या लागतात. सुताराला परत बोलावलंय, म्हणाला निदान आढ्याजवळचे सात वासे बदलू, बाकीचं पाऊस गेल्यावर बघू. त्याने मला एका शब्दाने बोललं नाही, ते जास्त लागलं.

सोमवारी पुन्हा पोलीस स्टेशनला बोलावलंय. पान ११ च्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात आणि हॉलच्या छपराचा मोठा फोटो, कौलं मोजता येतील एवढा.