मांगा प्लसवर नवी सिरीज धरायची आणि ग्रुपवर सुचवायची: काही महिने वापरून झाल्यावर

जपानमध्ये 'शोनेन जंप' या मांगाच्या (म्हणजे जपानी कॉमिक्सच्या) साप्ताहिकाचा नवा अंक सोमवारी येतो आणि त्यातले चॅप्टर मांगा प्लसवर इंग्रजीत तिथल्या मध्यरात्री 12 वाजता खुले होतात. आपल्याकडे तेव्हा रविवारचे रात्रीचे 8:30 वाजलेले असतात, म्हणजे ऐन जेवणाची वेळ. आमच्या घरी आता रविवारी आठच्या आत पानं घेतली जातात, त्याचं कारण हे.

मांगा प्लस हे शुएशा या मूळ प्रकाशकाचंच अ‍ॅप, 2019 पासून चालू आहे. एकही पैसा न भरता कुठल्याही चालू सिरीजचे पहिले तीन आणि अगदी ताजे तीन चॅप्टर वाचता येतात. मोबाइल अ‍ॅपवर त्याच्या पुढची सोय आहे: चालू इंग्रजी सिरीजपैकी बहुतेकींचा प्रत्येक चॅप्टर एकदा फुकट वाचायला मिळतो. एकदाच, हे लक्षात ठेवा. परत उघडायला गेलात की कुलूप.

ग्रुपवर नवीन काय वाचायचं हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीच्यांना अंक यायची वाटच बघवत नाही. इतके महिने हे करून झाल्यावर माझं मत असं झालंय की सिरीज कुठली सुचवावी याच्या आधी ती कधी सुचवावी हे बघावं लागतं.

असं का ते सांगते. जंपमध्ये नवी सिरीज आली की वाचकांच्या प्रश्नावल्या आणि पुस्तकांचा खप यांवर तिचं नशीब ठरतं. नाही चालली तर वीसेक चॅप्टरमध्ये गाशा गुंडाळतात. सप्टेंबर 2023 मध्ये लागोपाठ तीन नव्या सिरीज आल्या होत्या: 'मामायुयु', 'कागुराबाची' आणि फिगर स्केटिंगवरची 'टू ऑन आइस'. आज चालू आहे ती 'कागुराबाची'. बाकीच्या दोन 2024 मध्येच संपल्या. आणि सिरीज संपली की ती 'एकदा फुकट'वाली सोयही जाते, मधले चॅप्टर वाचायला पैसे भरायचे. म्हणजे फार लवकर सुचवावं तर सिरीज बंद पडून मित्र शिव्या घालणार, आणि थांबत बसावं तर एक दिवस ती संपून मित्रापुढे पहिले तीन चॅप्टर, शेवटचे तीन आणि मध्ये नुसता खड्डा.

मी आता साधारण दहाव्या-बाराव्या चॅप्टरपर्यंत गप्प बसते. तोवर गोष्टीचा सूर लागलेला असतो, आणि मागे राहिलेल्याला एका बैठकीत सगळं वाचून आमच्यात यायला वेळही असतो.

'कागुराबाची'चंच बघा. पहिला चॅप्टर यायच्या आधीच परदेशी चाहत्यांनी तिला 'जगातली सर्वश्रेष्ठ सिरीज' म्हणून मीम्सचा पाऊस पाडला होता. गंमत होती ती, पण त्या गमतीतून लोक खरोखर वाचायला आले, आणि 2024 मध्ये जपानमधल्या 'त्सुगी नि कुरु मांगा' पुरस्कारांत छापील विभागात तिचा पहिला नंबर आला. मी सुचवताना मीमचं नावही काढलं नाही. एवढंच लिहिलं की तलवारी घडवणाऱ्या बापाचा मुलगा सूडाला निघालाय, सुरुवात ओळखीची वाटेल, पण सोजो नावाचा शस्त्रांचा व्यापारी समोर येईपर्यंत सोडू नका. तिथून ताकेरु होकाझोनोची पानांची मांडणी अशी काही सुटते की बोट आपोआप थांबतं. रक्त भरपूर आहे, त्यामुळे घरातल्या लहान पोरांच्या हातात देऊ नका.

'इची द विच' मी मामेभावाला सांगितली, त्याला शिकारीच्या आणि जंगलाच्या गोष्टी लागतात म्हणून. इथे जादू फक्त बायकांना येते आणि एकेक जादू म्हणजे जिवंत प्राणी असतो, त्याची परीक्षा पार केली की ती आपली. डोंगरात एकटा वाढलेला इची शिकारीच्या नादात त्यांच्या राजालाच, उरोरोला, लोळवतो. लेखिका ओसामू निशी, चित्रं शिरो उसाझाकीची. चित्रांसाठी तरी वाचाच. भावाने एका रात्रीत सगळं संपवलं आणि सकाळी मला विचारतो, 'ताई, ते उरोरोचं पान परत बघायचं होतं, उघडत का नाही?' एकदाच फुकट, बाबा. ग्रुपवर चर्चा करताना ही अडचण फार जाणवते. एखाद्या पॅनेलवर, म्हणजे चित्राच्या चौकटीवर, वाद चालू असतो आणि पुरावा कोणालाच काढता येत नाही.

खरा धक्का मावशीने दिला. ती हौशी नाटकांत काम करते आणि मांगाला 'ती कार्टूनं' म्हणते. तिला 'आकाने-बानाशी' दिली. नवी नव्हे, 2022 पासून चालू आहे. विषय राकुगो, म्हणजे जपानी कथाकथन. त्यात उशीवर बसलेला एकच कलाकार हातातला पंखा आणि रुमाल एवढ्यावर सगळी पात्रं उभी करतो. आपल्याकडे एकपात्री पाहिलेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. आकानेच्या वडिलांना बढतीच्या परीक्षेतच घराण्यातून हाकलतात, तिथून गोष्ट सुरू होते. मावशीची एकच तक्रार होती, उजवीकडून डावीकडे वाचायची. दोन-तीन चॅप्टरनंतर तीही गेली. (चॅप्टर उघडल्यावर सेटिंगमध्ये उभं स्क्रोल करता येतं, पण दोन पानांवर पसरलेली चित्रं त्यात तुटतात. मी फोन आडवा धरते.)

अंक फुटण्याचा त्रास आहेच. रविवारच्या कितीतरी आधी चोरून स्कॅन केलेली पानं फिरायला लागतात. याच प्रकारात 2024 मध्ये जपानी पोलिसांनी अटकही केली होती, तरी चालूच आहे. आमच्यातल्या एका महाभागाने शुक्रवारीच कोण मेलं ते टाकलं, तेव्हापासून रविवारी साडेआठच्या आधी चॅप्टरबद्दल ब्र काढायचा नाही असा नियम केलाय. आणि ऑगस्टमध्ये ओबोन, मेच्या सुरुवातीला गोल्डन वीक या जपानी सुट्ट्या, मग नवं वर्ष, असे आठवडे जोडअंकामुळे कोरडे जातात. दर वेळी कोणीतरी विचारतंच, 'आज का नाही आलं?'

भाषा इंग्रजी, स्पॅनिश, थाई, इंडोनेशियन वगैरे. हिंदी नाही, मराठी तर नाहीच. आजीला काही सुचवायचं मनात असेल तर तुम्हालाच शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल.

आता पैशांचं. डॉलरमध्ये महिन्याला 1.99 चा स्टँडर्ड प्लॅन आहे, त्यात चालू सिरीज हव्या तितक्या वेळा उघडता येतात. 4.99 च्या डीलक्समध्ये संपलेल्याही येतात. 'विझ' या अमेरिकी प्रकाशकाचं वेगळं 'शोनेन जंप' अ‍ॅपही भारतात चालतं, ते 2.99 डॉलरचं, दिवसाला 100 चॅप्टरची मर्यादा, आणि जुन्या सिरीजचा साठा दांडगा. छापील इंग्रजी पुस्तकं घ्यायची तर वाट बघा: 'कागुराबाची'चा पहिला खंड जपानीत फेब्रुवारी 2024 मध्ये आला, इंग्रजीत त्या वर्षाच्या अखेरीस.

नुसतं दर रविवारी वाचणार असाल तर काहीच भरू नका, फुकटात भागतं. चारचौघांना सुचवून नंतर त्यावर भांडायची हौस असेल तर स्टँडर्ड घ्या. डीलक्स मी एका महिन्यापुरतं घेतलं, 'टू ऑन आइस' पहिल्यापासून वाचायला. ती लवकर बंद केली याचा राग अजून आहे.