परवाना खरा होता, माणूस खोटा

जुनी शॉटगन घ्यायला गेलो आणि फसलो, १,५२५ डॉलर गेले. आधी ५००, चार दिवसांनी १,०२५. तीन आठवडे बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. आता लिहितोय, कारण इथे ओहायोत आपल्या मंडळींची मुलं ट्रॅप शूटिंगला, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या शॉटगनने टिपण्याच्या खेळाला, जायला लागली आहेत आणि जुनी शॉटगन शोधणारा मी एकटा नाही.

लेकीसाठी ब्राउनिंग कंपनीची सिटोरी शॉटगन हवी होती, बारा गेजची. नवी दोन हजारांच्या वर जाते. पेनसिल्व्हेनियातल्या एका दुकानाच्या नावाने जुनी १,४८० ला दिसली, पाठवणावळ ४५. भाव संशय यावा इतका कमी नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण "स्वस्ताच्या मोहात पडलास" हे मला चार जणांनी ऐकवून झालंय. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, फक्त परवानाधारक डीलरकडून डीलरकडे. म्हणजे बंदूक माझ्या गावातल्या डीलरकडे येणार, तिथे मी बंदूक घेणाऱ्याने भरायचा सरकारी फॉर्म ४४७३ भरणार, माझी पार्श्वभूमी तपासली जाणार, डीलरचे ३० डॉलर देऊन घरी आणणार. याच रीतीने मी आधी एक रायफल घेतली आहे. जाहिरातवाल्या माणसाने दुकानाच्या परवान्याची सही केलेली प्रत पाठवली. मी ईझी चेकवर, म्हणजे डीलरचा परवाना तपासायच्या सरकारी वेबसाइटवर, क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकून पाहिले. दुकान खरं, पत्ता खरा, मुदत चालू. माझ्या जागी कुणीही विश्वास ठेवला असता.

पण ईझी चेक एवढंच सांगतं की असा परवाना आहे. तुमच्याशी बोलणारा त्याचा मालक आहे की नाही, ते सांगत नाही. या प्रती डीलर एकमेकांना सर्रास ईमेलने पाठवतात, त्यातली एक भलत्याच्या हाती लागली की झालं. दुकानाचा नंबर स्वतः शोधून फोन करा, ईमेलखाली दिलेल्या नंबरवर नाही. माझा डीलर म्हणालाही होता, "विकणाऱ्याला मला फोन करू दे." मी घाईत प्रत स्वतःच पुढे पाठवली.

मला झोपू देत नाही ती गोष्ट वेगळी आहे. कार्डाने देतो म्हटल्यावर तो म्हणाला, तीन टक्के जादा पडतील. ४५ डॉलर ७५ सेंट. त्यापेक्षा पैसे पाठवायच्या ॲपवरून थेट पाठवा. ॲपवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुणा वेगळ्याच माणसाचं. विचारलं तर म्हणे हिशेब मुलगा बघतो. आणि मग पैशांसोबत लिहायच्या टिपणीबद्दल म्हणाला, "मेमोत गन लिहू नका, बँक पैसे अडकवते. फर्निचर लिहा."

मी थांबलो होतो. मनात पाल चुकचुकली होती, नाही म्हणणार नाही. ज्याचा सगळा धंदा सरकारी फॉर्मांवर चालतो, तो दुकानदार मला खोटं का लिहायला लावेल? एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. पण बँका बंदुकीच्या व्यवहारात कटकट करतात हे ऐकून होतो, लेकीची स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती. मी माझ्या हाताने 'फर्निचर' लिहिलं. दोन्ही वेळा.

त्याने विम्याचे म्हणून आणखी १९० मागितले तेव्हा कुठे मी खऱ्या दुकानाचा नंबर शोधला. मालक हळहळले. म्हणाले, या महिन्यातले तुम्ही चौथे.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, शिवाय मेमोत फर्निचर लिहिलंय, आम्ही काही करू शकत नाही. गावच्या पोलिसांनी तक्रार घेतली ती खिडकीतूनच, आणि सांगितलं की हा दिवाणी मामला वाटतो. दिवाणी! माझ्याकडे परवान्याची चोरलेली प्रत आहे, ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव आहे, फोन नंबर आहे. पेनसिल्व्हेनियाच्या पोलिसांना फोन केला तर ते म्हणाले, पैसे ओहायोतून गेले, तिकडेच तक्रार करा. बंदुकीच्या डीलरांना परवाने देणाऱ्या सरकारी खात्यातल्या बाई म्हणाल्या की बंदूक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेलीच नाही, मग यात आमचा संबंध काय? बंदूक नव्हतीच हीच तर माझी तक्रार! ऑनलाइन तक्रारीचा एक क्रमांक मिळाला, त्याला सात आठवडे झाले. एका माणसाने परत फोन केलेला नाही. मी इथे कर भरतो, नियमाने बंदूक घ्यायला गेलो, आणि प्रत्येक खिडकीवर मलाच आरोपीसारखे प्रश्न.

तीन टक्के द्या, पण क्रेडिट कार्डानेच द्या, निदान पैसे परत मिळवायला कार्ड कंपनीकडे वाद तरी घालता येतो. बंदुकीशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो मागा. मी मागितला तेव्हा "पॅक झाली" असं उत्तर आलं होतं, आणि मी ते मानलं.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. दुकानाचं नाव वेगळं, राज्य इंडियाना. फोटो तेच, खालचा निळा गालिचाही तोच. किंमत १,४५० केली आहे.