पानाफळांचं कडं करायचंय: ग्लिसरीन, सावलीतली सुकवण की सिलिका जेल?

नाताळात किंवा मार्गशीर्षात दारावर लावायचं गोल कडं (रीथ) घरच्याच बागेतून करायचं म्हटलं, की तोडलेली पानं टिकवायची कशी हे आधी ठरवावं लागतं. त्याआधी दोन गोष्टी बघा. कडं एका हिवाळ्यापुरतं हवंय की पुढच्या वर्षीही लावायचंय? आणि तुम्ही राहता कुठं? मिरज-तासगावच्या कोरड्या हवेत जे सहज जमतं, ते पाटण-महाबळेश्वरकडे जमेलच असं नाही.

एकाच हिवाळ्यासाठी करणार असाल, तर माझं मत सरळ आहे: सावलीत टांगून सुकवा. खर्च शून्य. चार-पाच काड्यांची लहान जुडी बांधा. बांधायला सुतळीपेक्षा रबरबँड बरा, कारण सुकताना देठ आकसतात आणि सुतळी ढिली पडते. जुडी उलटी टांगा. जागा अंधारी आणि वारं खेळणारी हवी. उन्हात रंग उडतो आणि कोंदट खोलीत बुरशी धरते. पावसाळा सरल्यानंतरच्या हवेत एक ते तीन आठवडे पुरतात. निलगिरी आणि सिल्व्हर ओक यांची पानं अशी छान सुकतात, पण ही रीत खरी शोभते ती कणसांना. शिराळ्याकडचा भात, पाटण-जावळीची नाचणी, खरिपातलं हायब्रीड (संकरित ज्वारी) ही सगळी दिवाळीच्या आगंमागं हाताशी येतात. मुठीसारखं वळलेलं नाचणीचं कणीस कड्यात इतकं देखणं दिसतं, की बाजारातली सजावट आणायची गरजच उरत नाही. कणीस पूर्ण पिकायच्या थोडं आधी कापा, म्हणजे दाणे झडत नाहीत. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मात्र डिसेंबरात शेतात उभाच असतो, तेव्हा तो हवा असेल तर गेल्या हंगामातला जपून ठेवलेला लागेल.

या रीतीची खोट म्हणजे ठिसूळपणा. रुंद पानं सुकली की कडं हलवताना चुरा होतो. ग्लिसरीन लागतं ते इथं.

एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी. ग्लिसरीन दाट असतं, म्हणून पाणी गरम घ्यायचं आणि नीट ढवळायचं. फांदीचं खालचं टोक ठेचून ती चार बोटं द्रावणात उभी ठेवायची. पानातलं पाणी उडून जातं, देठातून वर चढलेलं ग्लिसरीन मात्र पानातच राहतं. म्हणून पान मऊ राहतं, वाकवलं तरी मोडत नाही. पातळ पानाला दोन आठवडे, जाड पानाला तीन किंवा त्याहून जास्त लागतात. पानावर बारीक थेंब दिसू लागले की फांदी बाहेर काढा, पान तृप्त झालं. उरलेलं द्रावण गाळून पुन्हा वापरता येतं.

यासाठी माझी पहिली पसंती कवठी चाफ्याला. वरून चकचकीत आणि खालून तपकिरी असं त्याचं जाड पान ग्लिसरीन प्यायल्यावर चामड्यासारखं होतं. निलगिरीही चांगली साधते. कोवळी पालवी घेऊ नका, ती मान टाकते. वड-रबरासारखी चिकाची झाडंही टाळा, चिकानं देठाचं तोंड बुजतं. आणि डिसेंबर उजाडेपर्यंत थांबू नका. पान पाणी ओढत असतानाच ही रीत चालते, तेव्हा जून पानांच्या फांद्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच कापा. रंगाबद्दल आधीच सांगते: हिरवा राहत नाही. पान तपकिरी, मधाळ होतं. मला तो रंग आवडतो. तुम्हाला हिरवंच हवं असेल तर ग्लिसरीनवर पैसे घालवू नका.

सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, फुलांसाठी उत्तम आहे. गुलाब, शेवंती दोन ते सात दिवसांत आकारासकट सुकतात. पण एका कड्याला पुरतील एवढी पानं त्यात बुडवायची, तर किलोकिलोनं जेल लागेल, आणि दमट हवेत ती फुलं पुन्हा मान टाकतात. कड्यासाठी मी ते सुचवणार नाही. नेचा वहीत दाबणंही तसंच. पान सपाट होतं, भरीवपणा जातो.

आता फळं. लाल टपोरी फळं तशीच राहावीत असं सगळ्यांना वाटतं, पण रसाळ फळ सुकलं की सुरकुतणारच. तासगावच्या बेदाणा शेडवर हेच तर मुद्दाम घडवतात: सालीवरचा मेणाचा थर सैल व्हावा म्हणून द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायची, मग सावलीत जाळ्यांवर पसरायची. बागेतल्या फळावर तो थर तसाच असतो, म्हणून ते आणखी सावकाश सुकतं आणि मधल्या मधे काळं पडतं. वरून लॅकर मारलं तर थोडे दिवस निभतं, इतकंच. कुंतीची लाल फळं हवीतच, तर ताजी खोचा आणि चार दिवसांनी बदला. टिकाऊ हवं असेल तर मुळात कोरडं आणि कठीण तेच निवडा: रिठे, बेहडे, सुरूची बोंडं. गुंजेच्या उकललेल्या शेंगांइतकं सुंदर लाल दुसरं नाही, पण गुंज जहाल विषारी आहे. दाण्याला भोक पाडू नका, आणि घरात लहान मूल असेल तर ती आणूच नका.

कड्याचा सांगाडा विकत घेऊ नका. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत काड्यांचे ढीग पडतात. बागायतदाराला विचारून आणा, औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात म्हणून हातमोजे घालून धुवा, आणि ताज्या असतानाच गोल वळवून एकमेकींत गुंफा. वाळल्या असतील तर रात्रभर भिजवल्यावर पुन्हा लवतात.

पुढच्या वर्षासाठी ठेवायचं असेल, तर मृग लागायच्या आत उतरवा. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं; पावसाळ्यात पानांना पाझर फुटतो आणि भिंतीवर डाग पडतात. कणसांचं कडं कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह पुठ्ठ्याच्या खोक्यात घट्ट बंद करा, नाहीतर पोरकिडे होतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात दोन्ही टिकवणं जिकिरीचं आहे. तिकडच्यांनी सुकवणीचंच कडं करावं, हिवाळा सरला की दाणे चिमण्यांना घालावेत, आणि द्राक्षकाड्यांचा सांगाडा तेवढा ठेवून द्यावा.