स्वेटरला लागलेला वास

घर दुसऱ्यांदा बघून आलो त्या रात्री नवऱ्याने स्वेटर खुर्चीवर टाकला आणि सकाळी अख्ख्या खोलीत कुबट वास. ओला पुठ्ठा पेटीत महिनाभर कोंडून ठेवावा तसा. "बंद घर होतं, त्याचाच असेल," म्हणत मी तो धुवायला टाकला. एका धुण्यात वास गेला नाही. तरीही आम्ही सही केली.

जर्मनीत राहणारे ओळखीचे लोक हल्ली सारखं विचारतात, "सत्तरच्या दशकातलं फर्टिगहाउस स्वस्तात मिळतंय, घेऊन इन्सुलेशन करून टाकू, काय बिघडतं?" फर्टिगहाउस म्हणजे कारखान्यात तयार केलेले भाग जागेवर आणून जोडलेलं घर. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आमचं घर 1974 सालचं. लाकडी सांगाडा, दोन्ही बाजूंनी पार्टिकल बोर्ड, मध्ये चारदोन बोटं जाडीची काचलोकर. विकणारा मुलगा, घर त्याच्या आईचं. आम्ही गेलो तेव्हा सगळ्या खिडक्या सताड उघड्या, भिंतींना नवा पांढरा रंग, स्वयंपाकघरात कॉफी उकळतेय. काय छान हवेशीर घर, असं मीच म्हणाले होते!

पण खरी भूल पाडली ती एनर्जी सर्टिफिकेटने. सी वर्ग. म्हणजे घराला लागणारी ऊर्जा वर्षाला दर चौरस मीटरमागे शंभर युनिटांच्या आत. त्या काळच्या घराला हा आकडा म्हणजे चमत्कारच, आणि चमत्काराला आम्ही नमस्कार केला. हे सर्टिफिकेट दोन प्रकारचं असतं हे मला माहीतच नव्हतं. एक भिंती, छप्पर, खिडक्या, बॉयलर यांचा हिशोब मांडून काढतात, ते बेडार्फ्सआउसवाइस. दुसरं, फरब्राउख्सआउसवाइस, मागच्या तीन वर्षांच्या इंधनाच्या बिलांवरून. आम्हाला मिळालं ते दुसरं. बांधकामाचा अर्ज 1 नोव्हेंबर 1977 च्या आधीचा असेल आणि घर लहान असेल, तर बिलांवरचं सर्टिफिकेट चालत नाही. अपवाद फक्त पुढे 1977 च्या नियमाइतकं इन्सुलेशन झालेल्या घरांचा. आमच्या कागदावर "तसं झालेलं आहे" अशी खूण होती. माहिती मालकाने भरून दिलेली, सर्टिफिकेट ऑनलाइन काढलेलं.

मुलगा म्हणाला होता, "आईला थंडी अजिबात सोसायची नाही, तरी बिल एवढंच." बिलं खरी होती. मात्र आई स्वयंपाकघर आणि शेजारची एक खोली एवढ्यातच राहायची, वरचा मजला कित्येक वर्षं बंद, आणि त्या खोलीत लाकडाची शेगडी. जळलेलं लाकूड गॅसच्या बिलात कुठून येणार? गॅरेजमागे छातीएवढा लाकडांचा ढीग मी स्वतः पाहिला होता. "संध्याकाळी जरा शेकायला," असं तो म्हणाला, आणि मला ते फार रम्य वाटलं. इंजिनिअर आहे मी, बरं का.

राहिला नोटरी, ज्याच्यासमोर घराचा करार होतो तो. आपल्याला वाटतं, सरकारी इतमामाचा माणूस आहे, तो बघून घेईल. तो करार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवतो, घर मात्र बघत नाही. "विक्रेत्याला कुठलेही छुपे दोष माहीत नाहीत, नंतरची जबाबदारी नाही," ही ओळही त्याने एकसुरात वाचली. आम्ही मान डोलावली.

ताबा मिळाल्यावर इलेक्ट्रिशियनने बाहेरच्या भिंतीतला स्विचबोर्ड काढला. भोकातून तोच वास भस्सकन अंगावर आला. त्याने टॉर्च मारली, बाहेर जाऊन भिंतीच्या पाट्यांवर बोट फिरवलं आणि ड्रिल पेटीत परत ठेवलं. "आधी तपासून घ्या, मग मला बोलवा."

लॅबचा निकाल आला. त्या काळी लाकूड किडू नये म्हणून पीसीपी नावाचं रसायन मारायचे. जर्मनीत त्यावर 1989 साली बंदी आली. भिंतीत दमटपणा शिरला की सूक्ष्मजीव त्याचं क्लोरोअ‍ॅनिसोल करतात, आणि ते नखभर असलं तरी नाकाला कळतं, कपड्यांत जाऊन बसतं. रंगाने दबतं ते चार दिवस. बाहेरच्या पाट्या अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या निघाल्या, म्हणजे ज्यांची धूळ फुप्फुसात गेली तर घातक अशा. त्यांच्यावर नवं इन्सुलेशन चढवून त्या झाकून टाकायला कायद्याने मनाई आहे. आधी त्या उतरवायच्या, त्याही प्रमाणपत्र असलेल्या माणसांकडून, मग आतले बोर्ड, मग लोकर. उरतो लाकडी सांगाडा. "इन्सुलेशन करून टाकू" याचा खरा अर्थ हा होता. नव्याने हिशोब मांडून काढलेल्या सर्टिफिकेटवर जी वर्ग आला, म्हणजे शेवटून दुसरा. शिवाय पोटमाळ्याचं इन्सुलेशन नव्या मालकाने दोन वर्षांत करायचं, हा नियम आमच्याच गळ्यात.

अशा घरात गेलात तर खिडक्या बंद करायला सांगा आणि अर्धा तास आत बसा. भिंतीतलं कपाट उघडून त्यात नाक घाला. बाहेरच्या भिंतीवरचा एखादा स्विचबोर्ड परवानगी घेऊन काढून बघा. बिलांसोबत विचारा की घरात किती माणसं होती, किती खोल्या तापवायचे, लाकूड किती जळायचं. आणि "घरातल्या हवेची किंवा लाकडाची तपासणी कधी झाली होती का?" हा प्रश्न लेखी विचारून उत्तर करारात घालून घ्या. एजंटने सुचवलेला तज्ज्ञ नको, स्वतःचा न्या. त्याची फी आम्हाला जड वाटली होती.

वकील म्हणाले, जबाबदारी नाकारलेली असली तरी दोष माहीत असून लपवला हे सिद्ध झालं तर त्या ओळीला अर्थ उरत नाही. सिद्ध मात्र आम्हीच करायचं. शेजारच्या आजी कुंपणापाशी सहज बोलून गेल्या होत्या, "वासाचं तपासायला माणूस आला होता की, मुलानेच बोलावलेला." तेवढं लेखी द्याल का, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी बराच वेळ दाराची कडी धरून ठेवली.

"त्याला मी लहानपणापासून ओळखते गं," म्हणाल्या, आणि दार हळूच लावून घेतलं.