रंगीत काचांच्या कामात माझे 70,450 रुपये गेले

लाज वाटते म्हणून इतके दिवस गप्प होते. पण परवा ओळखीतल्या एका फोटोग्राफर मुलाला खोट्या कामाचा तोच मेसेज आणि शूटची तीच यादी आली, म्हणून लिहितेय. मला नावं ठेवायची असतील तर सगळं वाचून झाल्यावर ठेवा.

काम होतं मुंबईतल्या रंगीत काचांच्या खिडक्यांचे फोटो काढायचं. एका बड्या उद्योगसमूहाला 75 वर्षं होताहेत, त्यानिमित्त भेट द्यायला आर्ट प्रिंट काढायचंय, 24 बाय 36 इंच, फक्त 200 प्रती, प्रत्येकीवर क्रमांक आणि फोटोग्राफरची सही. मानधन 1,80,000. काम देणारा माणूस मराठीच, बोलणं एकदम अदबीचं. सीएसएमटी फ्रेडरिक स्टीव्हन्सची, कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या पूर्व-पश्चिम खिडक्या विल्यम वेल्सच्या, राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयातल्या काचांची दुरुस्ती 2015 मध्ये पूर्ण झाली, असं सगळं घडाघडा सांगत होता. ही माहिती मोबाइलवर दोन मिनिटांत सापडते, मला मान्य आहे. पण वर्षानुवर्षं लग्नांचे अल्बम करणाऱ्या बाईला कुणी 'प्रत्येक प्रतीवर तुमची सही' म्हणतं तेव्हा काय होतं, ते घरी बसून हसणाऱ्यांना नाही कळणार.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी व्हेंडर रजिस्ट्रेशन, 2,500 अधिक जीएसटी, म्हणजे 2,950. मग चार ठिकाणच्या परवानगीचं डिपॉझिट 42,000, 'शूट झालं की परत'. मग अॅडव्हान्स निघायच्या आधी टीडीएस, दहा टक्क्यांनी 18,000. टीडीएस पैसे देणारा कापतो, घेणाऱ्याने आधी भरायचा नसतो, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मागचे 44,950 अडकलेले असले की माणूस माहीत असलेलंही विसरतो. शिवाय नमुना म्हणून त्यांनी माझ्या जुन्या फोटोंच्या फुल साइझ फाइल मागितल्या आणि मी वॉटरमार्क न टाकता पाठवल्या. तुम्ही हे कधी करू नका. नमुना 1,200 पिक्सेलचा पाठवा, त्यावर काम देणारा देतो.

आता ती यादी. अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पीडीएफ देखणी, प्रत्येक खिडकीपुढे वेळ आणि लेन्स लिहिलेली. तिसऱ्या ओळीत होतं: 'अफगाण चर्च, पूर्वेची खिडकी, सायंकाळी 5.30, आतून, सोनेरी किरणं.' पूर्वेच्या खिडकीतून सायंकाळी सोनेरी किरणं! काच आतून उजळते ती बाहेरच्या उजेडाने, आणि पूर्वेला तो असतो सकाळी. संध्याकाळी तिथे थंड, सपाट उजेड मिळणार. हे शिकाऊ पोरालाही समजतं. मी वाचलं, हसले, आणि क्लायंटला उजेडातलं काय कळतं म्हणून पुढे गेले. इतकी वर्षं क्लायंट असंच काहीतरी लिहून देतात, मग शंका कशी येणार? पण ज्याने खरंच कधी एक खिडकी शूट करून घेतलीय तो असं लिहिणार नाही, एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं.

परवानगीच्या पत्राचंही तेच. एक लेटरहेड, एक सही आणि चार जागा. चर्चचा कारभार वेगळा, सीएसएमटी मध्य रेल्वेची, ग्रंथालय विद्यापीठाचं, काळा घोड्याचं सिनेगॉग ट्रस्टचं. हे चौघे एका कागदावर येतील कसे? मला वाटलं, सिनेमावाल्यांना परवानग्या काढून देणारे असतात, तसाच कुणी असेल. परवानगी ज्याची जागा आहे त्याच्याच कार्यालयात जाऊन बघा. मधल्या माणसाचा कागद हातात घेऊन नाचू नका.

शूटच्या दिवशी शिफ्ट लेन्स, म्हणजे उंच खिडकीच्या रेषा तिरक्या होऊ न देणारी, भाड्याने घेतली, 4,500. सोबत मदतीला मुलगा, त्याचे 3,000. फोर्टला गेटवरच्या कर्मचाऱ्याने पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे आमच्याकडचं नाही, आमचा जावक नंबर असा नसतो." बिचारा चांगलं बोलला. मी त्या माणसाला फोन लावला तर बंद. ट्रायपॉड खांद्यावर घेऊन तो पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता, ते वेगळंच.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, लगेच फोन केला. तो तेवढा करा, आणि वेळ न घालवता करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत. पण त्यानंतर? पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "मॅडम, तुम्ही स्वतः पाठवलेत ना? मग हे सिव्हिल मॅटर." खोटा शिक्का, खोटं पत्र, बंद फोन, तरी सिव्हिल! आता चारशे वीस नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, हे मी त्यांना सांगायचं? साहेब बंदोबस्ताला, मग साहेब कोर्टात, मग हद्द कुठली त्यावर चर्चा. मी राहते डोंबिवलीला, पैसे गेले घरातून, पत्र उघड पडलं फोर्टला. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा, म्हटल्यावर हवालदाराने असं पाहिलं की मीच आरोपी. एकाने तर विचारलं, "फोटोच तर आहेत, त्यात काय एवढं?" बँकेचं तर विचारूच नका. व्यवहार तुमच्या पिनने झालाय, आम्ही जबाबदार नाही, धन्यवाद. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

एक खातं गोठवलं, त्यात सापडले 3,210 रुपये. 62,950 त्यांना गेले, त्यातले 3,210. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले, आणि वकील म्हणतो 5,000 होतील.

तुमच्याकडे अशीच यादी आली असेल तर चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा, यूटीआर नंबर, म्हणजे बँकेतल्या व्यवहाराचा क्रमांक, लिहून ठेवा आणि सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्वतंत्र तक्रार टाका. त्याच खात्याविरुद्ध आणखी तक्रारी आल्या तर निदान आमच्या ठाण्यातली फाइल कपाटातून टेबलावर तरी येईल.