गुंडीच्या विम्याचे १०,२१० रुपये गेले

गुंडी आमची पॉमेरेनियन, साडेतीन वर्षांची. चालता चालता मागचा पाय उचलायची, तीन पायांवर दोन उड्या मारायची, की पुन्हा नीट. पॉम, चिवावा पाळणाऱ्यांना हे ठाऊक आहे, गुडघ्याची वाटी सरकते. डॉक्टरांनी ग्रेड दोन सांगितली होती, पुढेमागे ऑपरेशन लागेल म्हणाले होते. त्या खर्चाच्या धास्तीनेच मी विमा शोधत होते.

गळ्यात ओळखपत्र अडकवून विमा एजंट प्रतापनगरला घरी आला. मी वाटीचं काही लपवलं नाही. "जुना आजारही कव्हर होतो, वरचे २,३६० भरा." मूळ हप्ता ७,८५०. आधीपासूनचा आजार कोण कव्हर करतं हो? तिथेच त्याला उठवायला हवं होतं.

क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर कंपनीचं नाव नाही, कुठल्याशा बाईचं. मी पाहिलं. विचारलंही! "मॅडमचं कलेक्शन खातं आहे," म्हणाला. गुंडी त्याच्या मांडीवर, तो तिचे कान खाजवतोय, आणि मी पिन टाकला. त्याने तिचा साधा फोटो काढला नाही, लसीचं कार्ड मागितलं नाही, डॉक्टरांचं सर्टिफिकेट नाही. मी अडाणी नाही, घरातले सगळे विमे मीच बघते. पण चार दिवसांत शिक्क्यासह पॉलिसीचा कागद आला, मग कोण शंका घेणार?

पाच महिन्यांनी ऑपरेशन झालं, ३८,५००. क्लेमला फोन केला तर कंपनी म्हणाली, हा पॉलिसी नंबर आमचा नाहीच, एजंटही आमचा नाही. कागद मिळाला त्याच दिवशी कंपनीच्या साइटवरच्या नंबरवर विचारा, एजंटने दिलेल्या नव्हे.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "कुत्र्याचा बी विमा असते काय, मॅडम?" शेजारचा हसला. तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा होता, आता खात्यात काय उरलं असणार? अहो, फसल्याचं कळलंच पाच महिन्यांनी! सायबरने पुन्हा ठाण्यात पाठवलं. तीन चकरा, प्रत्येक वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. विमा लोकपालाचं विचारलं, तर तक्रार विमा कंपनीविरुद्ध लागते, आणि कंपनी म्हणते पॉलिसीच आमची नाही. मग मी जायचं कुठे? पैसे व्यक्तीच्या नावावर कधीच पाठवू नका, कितीही गोड बोलला तरी.

त्याचा मोबाइल अजून चालू आहे. रिंग जाते. हेही मी ठाण्यात लिहून दिलंय, पोच घेऊन.